शेवटचा थ्रो

काल रात्री (ऑगस्ट 2023) बुडापेस्टच्या वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्स चॅम्पियनशिपची महिला भालाफेक फायनल बघत जागी राहिले, सकाळी डबे करायचे होते तरी, आणि अजून अंगावर काटा आहे!

कोलंबियाच्या फ्लोर रुईझने पहिल्याच थ्रोला 65.47 मीटर मारून आघाडी घेतली, आणि मग सगळा वेळ तीच पुढे. जपानची हारुका कितागुची चौथी, म्हणजे मेडल नाहीच. आणि तिच्या शेवटच्या थ्रोला भाला हातातून सुटला तो 66.73!! थेट चौथ्यावरून गोल्ड. ती ओरडत पळत कोचकडे गेली आणि इकडे मी अंधारात एकटीच रडतेय. थ्रोइंगमध्ये वर्ल्ड गोल्ड मिळवणारी ही पहिली जपानी बाई, आणि त्यासाठी ही मुलगी घर सोडून चेक रिपब्लिकमधल्या एका छोट्या गावात कोचकडे जाऊन राहिली, तिथली भाषा शिकली.

आपली अन्नू राणी फायनलला नव्हती याचं खरंच वाईट वाटलं. मेरठजवळच्या गावात उसाचे दांडे फेकून सुरुवात केलेली मुलगी, गेल्या वर्षी ओरेगॉनला याच स्पर्धेत 61.12 टाकून सातवी आली होती, किती जणांना माहितीये?

उद्या नीरजची फायनल, सगळे बघणारच, मी पण. पण प्लीज कालचा तो एक थ्रो शोधून बघा. लेकीला शाळेतून आल्या आल्या दाखवला, तर म्हणे आई परत लाव.