किमतीचा अंदाज न सांगता चाललेलं मराठी क्रिप्टो चॅनेल : आतापर्यंतची नोंद

माझ्या यूट्यूब चॅनेलवर आता नव्या व्हिडिओंपेक्षा जुनेच जास्त बघितले जातात. क्रिप्टोसारख्या रोज बदलणाऱ्या विषयात असं होईल याची मला सुरुवातीला कल्पना नव्हती, म्हणून ही नोंद जरा सविस्तर करते. आपल्यापैकी जे मराठीत असं काही सुरू करायच्या विचारात आहेत, त्यांच्या कामी यावी.

पहिले व्हिडिओ बहुतेक सगळे करतात तसेच होते. बिटकॉइन आज कुठे, उद्या कुठे जाईल, चार्टवर दोन-चार रेघा. अशा व्हिडिओला पहिल्या रात्री व्ह्यूज येतात आणि दोन दिवसांत आलेख तळाला जातो. यूट्यूब स्टुडिओमध्ये ट्रॅफिक सोर्स, म्हणजे प्रेक्षक कुठून आले ते, उघडला की कारण दिसतं. हे प्रेक्षक होम पेजवरून येतात, किंमत ऐकतात आणि निघून जातात. सर्चमधून जवळपास कुणी येत नाही, कारण कालची किंमत कोण शोधणार? याउलट 'क्रिप्टोवर टीडीएस कसा कापतात' हा व्हिडिओ पहिल्या आठवड्यात फारसा कुणी पाहिला नाही. रिटर्न भरायचे दिवस जवळ आले तसा तो वर चढला, आणि आता दर वर्षी जून-जुलैत चढतो.

त्या व्हिडिओत काय जमलं ते सांगते, कारण चॅनेलची दिशा तिथे ठरली. कलमं वाचून दाखवणारे व्हिडिओ हिंदीत ढिगाने आहेत. मी एकच उदाहरण घेतलं आणि शेवटपर्यंत तेच चालवलं. एका माणसाला वर्षभरात बिटकॉइनमध्ये ४०,००० रुपये नफा झाला आणि दुसऱ्या एका कॉइनमध्ये तेवढाच तोटा. हातात काहीच उरलं नाही, तरी कर आहेच. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या प्राप्तिकर कायद्याच्या ११५ बीबीएच कलमानुसार एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षात ओढताही येत नाही. म्हणजे ४०,००० वर ३० टक्के, १२,००० रुपये. त्यावर ४ टक्के उपकर धरून १२,४८०. रिटेंशनच्या, म्हणजे कुठल्या क्षणाला किती जण बघतात त्या आलेखात नेमका इथे एक उंचवटा आहे. लोक मागे जाऊन हा हिशेब पुन्हा बघतात. मग टीडीएस. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का कापला जातो, आणि तो नफ्यावर नव्हे, तर विक्रीच्या पूर्ण रकमेवर. लाखाचं कॉइन विकलं की हजार रुपये गेले, तोट्यात विकलं तरीही. कापलेली रक्कम प्राप्तिकर खात्याच्या २६एएस या पत्रकात दिसते आणि रिटर्न भरताना करात धरता येते, हे मी व्हिडिओत मुद्दाम दोनदा सांगते. कारण तो पैसा बुडाला असं समजून सोडून देणारे बरेच जण मला भेटलेत.

हा सगळा हिशेब मी कागदावर पेनने लिहिते आणि फोन वरून लावून चित्रित करते. स्क्रीनवरच्या तयार तक्त्यापेक्षा हाताने उतरत जाणारा आकडा लोक थांबून बघतात, हे माझ्या सगळ्या व्हिडिओंच्या आलेखात सारखं दिसतं. माइकवर खर्च करा, कॅमेऱ्यावर नको.

लाइव्हचा माझा सगळ्यात समाधानाचा अनुभव २० एप्रिल २०२४ च्या पहाटेचा. बिटकॉइनचा ८,४०,००० वा ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा गठ्ठा, आपल्याकडे पावणेसहाच्या आत निघाला आणि मायनरचं, म्हणजे तो ब्लॉक यंत्रांवर तयार करणाऱ्याचं बक्षीस ६.२५ बिटकॉइनवरून ३.१२५ वर आलं. भाव वाढेल का, यावर त्या लाइव्हमध्ये एक शब्दही बोलायचा नाही असं ठरवून बसले होते. दर २,१०,००० ब्लॉकनंतर बक्षीस अर्धं का होतं, २.१ कोटीची मर्यादा त्यातूनच कशी येते, आणि नव्या बिटकॉइनचं बक्षीस संपत गेलं की मायनरला पैसे कुठून मिळणार, एवढंच. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्या ब्लॉकनेच दिलं. त्यात ३७ बिटकॉइनहून जास्त निव्वळ व्यवहारांची फी होती, बक्षिसाच्या कितीतरी पट. प्रेक्षक थोडेच होते, पण प्रश्न इतके नेमके होते की त्यातून पुढचे कित्येक व्हिडिओ निघाले.

फसवणुकीवरचे व्हिडिओ आपल्या भागात करायलाच हवेत असं मला मनापासून वाटतं. पुण्यात गुन्हा दाखल झालेलं गेनबिटकॉइन प्रकरण अनेकांच्या घरापर्यंत पोचलेलं आहे. बिटकॉइन गुंतवा, मायनिंगमधून दरमहा १० टक्के, १८ महिने, आणि तेही बिटकॉइनमध्येच, असं ते आश्वासन होतं. याचा तपास पुढे सीबीआयकडे गेला, वगैरे बातम्या सगळ्यांनी दिल्या. मी व्हिडिओत बातमी थोडक्यात ठेवली आणि गणितावर वेळ घालवला. जुलै २०१६ नंतर अख्ख्या जगात मिळून दिवसाला साधारण १,८०० नवे बिटकॉइन तयार होत होते: दहा मिनिटांना एक ब्लॉक, ब्लॉकला १२.५. साधारण दर दोन आठवड्यांनी नेटवर्क मायनिंगची कठीणता बदलतं, आणि जगात यंत्रं वाढत गेली की त्याच यंत्राला पूर्वीपेक्षा कमी वाटा मिळतो. मग मायनिंगच्या जोरावर दर महिन्याला ठरावीक १० टक्के बिटकॉइन कोण आणि कुठून देणार? एवढं कळलं की 'पण त्यांचं ऑफिस मोठं होतं, सेमिनार मोठ्या हॉटेलात होते' हा युक्तिवाद गळून पडतो. हा व्हिडिओ लोक घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. स्टुडिओत शेअरचा आकडा सगळ्यात वर त्याचाच आहे.

कॉमेंट्स हे या विषयात अर्धं काम आहे. दोन प्रकार सतत येतात. पहिला, चॅनेलचं नाव आणि लोगो घेऊन 'ताईंशी बोलायला या नंबरवर मेसेज करा' असं उत्तर टाकणारी खोटी खाती. दुसरा जास्त वाईट. कुणीतरी भोळेपणाचं सोंग घेऊन लिहितो, माझ्या वॉलेटमध्ये यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन) आहेत, हे वॉलेट उघडायचे माझे बारा शब्द, बाहेर कसे काढू? शब्द टाकले की वॉलेट खरंच उघडतं आणि पैसे खरंच दिसतात. पाठवायला फी म्हणून थोडे ट्रॉन (दुसरं एक कॉइन) लागतात, तेवढे आपण घालतो आणि ते जातात. कारण त्या वॉलेटचा ताबा आधीच दुसऱ्या पत्त्याकडे दिलेला असतो. बारा शब्दांनी तिथून काहीच हलत नाही. मी आता लिंक असलेल्या कॉमेंट्स थेट अडवते, ब्लॉक शब्दांच्या यादीत 'सीड फ्रेज' (म्हणजे तेच बारा शब्द), 'रिकव्हरी', 'टेलिग्राम' यांची मराठी, हिंदी, इंग्रजी सगळी रूपं ठेवली आहेत, आणि नवा व्हिडिओ टाकल्यावर पहिला तास कॉमेंट्सपाशीच बसते. चोर त्याच तासात येतात.

'ताई, कुठलं कॉइन घेऊ?' याला माझं उत्तर नेहमी एकच असतं: मी सांगत नाही, पण घेण्याआधी काय तपासायचं ते या व्हिडिओत आहे. काही जण रागावून जातात. जे राहतात ते वर्षानुवर्षं राहतात.

चॅनेलच्या सुरक्षेबद्दल थोडं. २० सप्टेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाचं यूट्यूब चॅनेल हॅक होऊन तिथे एक्सआरपी या क्रिप्टोचा व्हिडिओ दिसू लागला, हे सगळ्यांना आठवत असेल. चोरलेलं चॅनेल या टोळ्यांना क्रिप्टोच्या जाहिरातीसाठीच हवं असतं, त्यामुळे आपलं छोटं चॅनेलही त्यांच्या कामाचं. नेहमीचा मार्ग म्हणजे स्पॉन्सरशिपचा मेल आणि 'करार' म्हणून जोडलेली फाइल. ती उघडली की ब्राउझरमधलं लॉगिन सेशनच चोरीला जातं, आणि मग दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशनही अडवू शकत नाही, कारण चोर आधीच आत असतो. जाहिरातीचे मेल ज्या लॅपटॉपवर मी बघते, तिथे चॅनेलचं लॉगिन कधीच नसतं. एडिटिंगला मदत करणाऱ्या मैत्रिणीला पासवर्ड न देता स्टुडिओच्या परवानग्यांमधून एडिटरचा अधिकार दिला आहे.

शॉर्ट्सबद्दल: सबस्क्राइबर वाढतात, पण ते मोठे व्हिडिओ क्वचितच बघतात. शॉर्ट्स फीडमध्ये बघितलेला वेळ यूट्यूबवर कमाई सुरू व्हायच्या ४,००० तासांच्या अटीत धरतही नाहीत. म्हणून मी शॉर्ट फक्त फसवणुकीचा इशारा द्यायला वापरते, तिथे पोच महत्त्वाची.

१८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्सचेंजवर सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली, त्या दिवशी व्हिडिओ टाका असे मेसेज सतत येत होते. कंपनीचं निवेदन येईपर्यंत थांबले. नंतर केलेला व्हिडिओ चोरीवर नव्हता. एक्सचेंजवर ठेवलेल्या कॉइनची किल्ली कुणाकडे असते, यावर होता. तो आजही रोज कुणी ना कुणी बघतं, आणि हार्डवेअर वॉलेटचा, म्हणजे किल्ली स्वतःकडे ठेवायच्या छोट्या उपकरणाचा धडा मी त्यालाच जोडून केला.

सध्या रिटर्नमधल्या शेड्यूल व्हीडीएवर, म्हणजे क्रिप्टोच्या व्यवहारांच्या तक्त्यावर काम चाललंय. त्यात प्रत्येक व्यवहाराची खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, खरेदीची किंमत आणि मिळालेली रक्कम भरावी लागते. एक्सचेंजच्या फाइलमधून हे चार रकाने कसे वेगळे काढायचे ते स्क्रीन रेकॉर्ड करून दाखवणार आहे. मेच्या अखेरीस टाकायचा आहे, म्हणजे जूनच्या सर्चला तो जागेवर असेल.