हिरवी रेघ आणि उजवा घोटा

ज्यांच्या बाळाला नुकतंच हिमोफिलियाचं, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचं, निदान झालंय असे आईवडील भेटले, की दहा मिनिटांच्या आत एक प्रश्न हमखास येतो. "तुम्ही म्हणे मुलाचं सगळं फोनवर बघता. त्याच्यावर एवढा भरवसा कसा ठेवता?" कुणी उत्सुकतेनं विचारतं, कुणी धास्तावून. मी उभ्या उभ्या काहीतरी उत्तर देते आणि घरी आल्यावर वाटत राहतं, की नीट सांगायला हवं होतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून लिहिते आहे.

त्यासाठी आधी एका वहीबद्दल सांगावं लागेल.

माझ्या दादाला तीव्र हिमोफिलिया ए आहे. रक्त गोठायला जी प्रथिनं लागतात, त्यातलं फॅक्टर आठ त्याच्या अंगात जवळजवळ तयारच होत नाही. दोष एक्स गुणसूत्रावर असतो, त्यामुळे बहुधा आई वाहक आणि आजार मुलाला. आमची आई त्याची वही ठेवायची. तारीख, कुठला सांधा, किती दिवस अंथरुणाला खिळला. सांध्यात रक्त उतरलं की लाल पेन्सिलीचा एक ठिपका. फॅक्टरचं इंजेक्शन तेव्हा आमच्या वाट्याला क्वचितच यायचं. बर्फ, विश्रांती, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर रक्तपेढीतून क्रायोप्रेसिपिटेट, म्हणजे रक्तद्रवातून काढलेला, फॅक्टर आठ असलेला साका. ज्युडिथ पूल यांनी १९६४ साली शोधून काढलेलं हे क्रायो नसतं तर दादा वाचलाच नसता, असं आई म्हणायची.

ती वही माझ्याकडे आहे. उघडली की पानामागून पान डावा गुडघा, डावा गुडघा, मध्येच कोपर, पुन्हा डावा गुडघा. एकाच सांध्यात सहा महिन्यांत तीन किंवा जास्त वेळा आपोआप रक्तस्राव झाला, तर आज डॉक्टर त्याला टार्गेट जॉइंट म्हणतात आणि लगेच उपचार बदलतात. आईच्या ठिपक्यांवरून दादाचा गुडघा नवव्या वर्षीच त्या गणतीत गेला होता. आईनं एकही नोंद चुकवली नव्हती. दर वेळी ती वही पिशवीत घालून दवाखान्यात न्यायची, आणि ती कुणी उघडायचं नाही. दादाचा तो गुडघा आज सरळ होत नाही.

माझा मुलगा झाला तेव्हा मला माहीत होतं की शक्यता निम्मी आहे. निदान कळलं त्या दिवशी मी पहिल्यांदा ती वही काढून बसले. आता आपणही अशीच वही सुरू करायची, एवढंच डोक्यात होतं. उपचार केंद्रातल्या नर्सताईंनी मला थांबवलं. नोंद फोनमध्ये करायला लावली, कारण ती त्याच क्षणी त्यांनाही दिसणार होती.

आता ते अ‍ॅप काय करतं ते सांगते. औषधाच्या बाटलीवरचा बारकोड स्कॅन केला की बॅच नंबर, मुदत, युनिट सगळं आपोआप नोंदलं जातं. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण १९७० आणि ८०च्या दशकांत दूषित फॅक्टरमधून हजारो हिमोफिलियाग्रस्तांना एचआयव्ही आणि हेपटायटिस सी झाला. कुठल्या बाटलीतलं औषध कुणाच्या शिरेत गेलं हे शोधता येणं किती मोलाचं, ते त्या पिढीला विचारा. मग शरीराची एक आकृती असते. जिथे ब्लीड, म्हणजे रक्तस्राव, झालं त्या सांध्यावर बोट ठेवायचं. आईचा लाल ठिपका तोच, फक्त तिसरा पडला की पलीकडे कुणाला तरी सूचना जाते.

सगळ्यात उपयोगाची निघाली ती हिरवी रेघ, म्हणजे अंगातल्या फॅक्टरच्या पातळीचा आलेख, निरोगी माणसाची सर्वसाधारण पातळी १०० टक्के धरून काढलेला. प्रत्येकाच्या शरीरात औषध किती वेळ टिकतं हे वेगळं असतं. ते नेमकं काढायचं तर पूर्वी एका डोसनंतर दहा-अकरा वेळा रक्त घ्यावं लागे. लहान मुलाच्या बाबतीत ते अशक्यच. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं वॅप्स-हीमो नावाची सेवा उभी केली. तिच्यात इतर अनेक रुग्णांच्या माहितीच्या आधारे दोन-तीन नमुन्यांवरूनही एका माणसाचा आलेख बांधता येतो, आणि तो त्याला स्वतःच्या फोनवर बघता येतो.

उदाहरण आमचंच घ्या. मुलगा तेव्हा ३० किलोचा होता. फॅक्टर आठचं दर किलोमागे एक युनिट दिलं की पातळी साधारण दोन टक्क्यांनी चढते, म्हणजे ७५० युनिटांनी ५० टक्के. त्याच्या अंगात दर दहा तासांनी ती निम्मी व्हायची. सकाळी सातला ५०, संध्याकाळी पाचला २५, पहाटे तीनला साडेबारा. असं उतरत उतरत साठ तासांनी एक टक्क्याच्या खाली, म्हणजे जणू औषध घेतलंच नव्हतं. आम्ही सोमवार, बुधवार, शुक्रवार डोस द्यायचो. शुक्रवारी सकाळपासून साठ तास मोजा. रविवारी संध्याकाळी सात. आठवड्यातून ज्या एका दिवशी तो दिवसभर मैदानात असायचा, त्याच दिवशी तो सगळ्यात उघडा पडत होता. वर्षभर मी म्हणत होते, "रविवारीच कसा पडतोस रे तू?" तो रोजच पडत होता. डॉक्टरांनी आलेख बघितला आणि डोस एक दिवसाआड केला. पुढच्या चार महिन्यांत ती आकृती कोरी राहिली. त्या कोऱ्या आकृतीकडे बघून मी रडले होते, हेही सांगून टाकते.

म्हणजे भरवसा आहे. पण तुमच्या प्रश्नातला खरा भाग पुढेच आहे.

तो अकरा वर्षांचा असताना स्वतःची शीर स्वतः शोधून डोस घ्यायला शिकला. एका सकाळी त्यानं डोस घेतला, नोंद केली, शाळेत गेला. संध्याकाळी म्हणाला, "आई, उजव्या घोट्यात काहीतरी होतंय." मी फोन बघितला. तिथे २४ टक्के दिसत होतं. मी म्हणाले, "काही नाही रे, पातळी चांगली आहे, चालण्यानं दुखत असेल." तासाभरात घोटा गरम झाला, सुजला, त्याला पाऊल टेकवेना.

नंतर कळलं ते असं. सकाळी सुई शिरेतून निसटली होती आणि निम्मं औषध बाहेर, कातडीखाली गेलं होतं. त्यानं नोंद मात्र पूर्ण डोसची केली. कारण काय? सलग किती दिवस डोस चुकला नाही हे ते अ‍ॅप दाखवायचं, आणि त्याचे एकशे बारा दिवस झाले होते. "अर्धा डोस लिहिला असता तर आकडा शून्यावर गेला असता," तो म्हणाला. अकरा वर्षांच्या मुलाला माझी नाही, त्या आकड्याची भीती वाटत होती.

दोष मी त्याला दिला नाही, आणि पूर्ण त्या यंत्रालाही देणार नाही. यंत्राला जेवढं सांगितलं, त्यावरून त्यानं हिशोब केला. फोनवरचा आकडा हा अंदाज असतो, रक्त तपासून आलेला नसतो, हे मला पहिल्या दिवशी समजावलेलं होतं. चूक माझी झाली. समोर बसलेला मुलगा सांगत होता आणि मी पडद्याला विचारत होते. सांध्यात रक्त उतरण्याआधी मुंग्या येतात, आतून ऊब जाणवते, सांधा भरल्यासारखा वाटतो. डोळ्यांना काही दिसायच्या आधी हे फक्त ज्याचा सांधा आहे त्यालाच कळतं. दादाला कळायचं. आईच्या वहीत "सकाळपासून म्हणत होता" असे शब्द मी कितीदा वाचले होते.

त्या दिवसापासून घरात क्रम ठरला: आधी तो काय म्हणतो ते, मग आकडा. शंका आली तर वाट न बघता डोस, आणि लगेच केंद्राला फोन. सलग दिवसांचा तो आकडा आम्ही बंद करून टाकला. लहान मुलांच्या औषधाचा हिशोब ठेवणाऱ्या साधनात बक्षिसं आणि शाबासकी घालणाऱ्यांना मी कळकळीनं सांगेन, की मूल खरं लिहील अशी जागा आधी ठेवा. "सुई निसटली" असं एक बटण त्या सगळ्या चांदण्यांपेक्षा जास्त कामाचं आहे.

आलेख खोटा ठरण्याचं आणखी एक कारण प्रत्येक नव्या पालकाला माहीत हवं. तीव्र हिमोफिलिया ए असलेल्या साधारण ३० टक्के जणांच्या शरीरात बाहेरून दिलेल्या फॅक्टरविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. त्यांना इनहिबिटर म्हणतात. ती आली की औषध टोचल्याबरोबर निकामी होतं आणि फोन आपला शांतपणे जुनीच सुंदर रेघ काढत राहतो. नेहमीच्या डोसनं ब्लीड थांबत नसेल तर फोन बाजूला ठेवा आणि रक्ततपासणीला जा.

आता पुष्कळ मुलं एमिसिझुमॅब नावाच्या वेगळ्या औषधावर आहेत. ते कातडीखाली घ्यायचं, आठवड्यानं, पंधरवड्यानं किंवा चार आठवड्यांनी. अमेरिकेत त्याला २०१७ साली पहिली मान्यता मिळाली. त्यांना आमच्यासारखा चढउतार बघावा लागत नाही. मग त्यांना फोनचं काय काम, असं एका वडिलांनी मला विचारलं. काम आहे, वेगळं आहे. या औषधावर असताना रक्त गोठण्याची नेहमीची एपीटीटी चाचणी फसवी येते. माणूस बरा नसतानाही बरा दिसतो. अपघात विभागातल्या अनोळखी डॉक्टरांना हे ठाऊक असेलच असं नाही. फोनच्या लॉक स्क्रीनवरून, पासवर्डशिवाय उघडणारं एक पान हवं: आजार, औषध, शेवटचा डोस, केंद्राचा नंबर, आणि "नेहमीच्या चाचणीवर विसंबू नका" एवढी ओळ. चार आठवड्यांनी एकदा घ्यायचं औषध विसरायला किती सोपं असतं, तेही आहेच.

एक गोष्ट मला कुणी विचारत नाही, पण सांगते. मुलाच्या नोंदी ठेवता ठेवता मी एकदा सहज स्वतःची उत्तरं भरली. सेल्फ-बॅट नावाची एक प्रश्नावली आहे, कॅनडातल्याच क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी रुग्णांना स्वतः भरता यावी म्हणून केलेली. नाकातून रक्त, दात काढल्यावरचं रक्त, पाळी, बाळंतपण. बाईच्या बाबतीत सहा किंवा त्याहून जास्त गुण आले तर तपासणी करावी. माझे नऊ आले. आयुष्यभर मी स्वतःला वाहक म्हणत आले, म्हणजे आजार इथून तिथे नेणारी. तपासणीत माझं फॅक्टर आठ ३१ टक्के निघालं. चाळिसाच्या खाली असेल तर त्याला सौम्य हिमोफिलिया म्हणतात, बायकांनाही. आईची पाळी कशी जायची ते मला आठवतं. तिच्या वहीत तिच्यासाठी एकही ठिपका नाही.

माहिती कुणाच्या हातात जाते, ही भीती मात्र रास्त आहे, मी ती उडवून लावणार नाही. यातली काही अ‍ॅप औषध कंपन्यांनीच काढलेली आहेत. शिवाय आनुवंशिक आजाराची माहिती एकट्याची नसते. २०२३ साली ट्वेन्टीथ्रीअँडमी या जनुक तपासणाऱ्या कंपनीत चोरांनी साधारण १४ हजार खाती उघडली, पण नातेवाइक शोधून देणाऱ्या सोयीतून तब्बल ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली. मी माझ्या मुलाची नोंद करते तेव्हा माझ्या बहिणीबद्दल आणि तिच्या लहान मुलीबद्दलही काहीतरी सांगत असते. म्हणून कुटुंबाचा तक्ता मी फोनमध्ये भरलेला नाही, तो केंद्राच्या फाइलमध्ये आहे. अ‍ॅप निवडताना मी दोनच गोष्टी आधी विचारते: आमच्या केंद्रात हे रोज कोण उघडतं, आणि आम्हाला आमच्या सगळ्या नोंदी बाहेर काढून घेता येतात का. पहिल्याचं उत्तर "कुणी नाही" असं आलं, तर आईची वही काय वाईट होती?

मुलगा आता चौदाचा आहे. गेल्या वाढदिवसाला त्यानं अ‍ॅपचं खातं स्वतःच्या नावावर मागून घेतलं. डॉक्टरही म्हणाले, वेळ झाली. आता तो दाखवेल तेवढंच मला दिसतं. पहिले काही दिवस माझं बोट सवयीनं तिथे जायचं आणि कोऱ्या पडद्यावरून परत यायचं.

मागच्या महिन्यात तो शाळेबरोबर तीन दिवस बाहेर गेला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा निरोप आला. "उजवा घोटा. मुंग्या. आकडा चांगला दिसतोय तरी डोस घेतला. थोडं औषध बाहेर गेलं, तसं लिहिलंय. नर्सताईंशी बोललो." मी एकामागून एक तीन प्रश्न टाइप केले. मग ते पुसले आणि लिहिलं, "बरं."