पावर किती येतीय?

आमच्या केबलवाल्याकडून वसुलीला येणारा पोरगा नेटच्या कुठल्याही तक्रारीवर एकच औषध देतो. "काकू, वायफायचा प्रॉब्लेम हाय. राउटर बंद करून चालू करा." टीव्हीचे पैसे तोच नेतो, नेटचेही तोच. त्याच्या हातात काही नसतं हे माहीत असल्यामुळे मी त्याच्यावर चिडत नाही. पण माझं पोट जीएसटीवर आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या काही हळदीच्या अडत्यांची आणि हरभट रोडवरच्या एकदोन दुकानांची रिटर्न्स मी घरी बसून भरते. ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी. २० तारखेला पोर्टल स्वतःच रडत असतं. त्यात आपलं नेटही रडायला लागलं की नेमकं कोण रडतंय तेच कळत नाही.

गावभागातलं आमचं घर जुनं, भिंती हातभर जाडीच्या. वायफाय माजघरापुढे जात नाही हे खरं, त्यामुळे पोराचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. म्हणून आधी तो मुद्दा निकालात काढला. सगळ्या मोबाइलचं आणि टीव्हीचं वायफाय बंद केलं, लॅपटॉपला थेट लॅनची वायर लावली आणि स्पीड टेस्ट केली. प्लॅन १०० एमबीपीएसचा. दुपारी आले १८, रात्री नऊला ६. (वायरवर ९४-९५ आले तर भांडायला जाऊ नका, साध्या राउटरचं पोर्ट तेवढंच देतं. आणि फाइल उतरताना एमबीत दिसणारा आकडा ८ ने गुणायचा असतो. आमच्या ह्यांनी तो न गुणताच केबलवाल्याला एकदा फोनवर झापलं होतं.)

वायरवरही रखडतंय म्हटल्यावर वायफाय निर्दोष सुटलं. मग राउटरच्या बुडाला चिकटवलेल्या स्टिकरवरचा पत्ता, आमचा १९२.१६८.१.१, ब्राउजरमध्ये टाकला. आत फायबरच्या पानावर आरएक्स पावर म्हणून एक आकडा असतो. फायबरमधून नेट उजेडाने येतं; आपल्या राउटरपर्यंत तो उजेड किती पोचतोय, त्याचं ते माप. आकडा उणे असतो. उणे १८-२० असेल तर झकास, उणे २५ पर्यंत चालून जातं, उणे २७ च्या खाली गेलं की राउटर चुका करायला लागतो आणि तेच तेच पुन्हा मागवत बसतो. आमचा होता उणे २८. लाइन तुटल्याचा लाल दिवा लागला नव्हता, म्हणून सगळे म्हणत होते लाइन चालू आहे.

बिलावर केबलवाल्याच्या नावाखाली बारीक अक्षरात मूळ कंपनीचं नाव आणि तक्रारीचा नंबर असतो. तिथे फोन करून तक्रार क्रमांक घेतला. क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. तक्रार सुटली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तिथे पहिला प्रश्न त्या क्रमांकाचाच असतो. ट्रायकडे, म्हणजे सरकारी दूरसंचार नियामकाकडे, थेट लिहून उपयोग नाही, ते एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत बसत नाहीत. शिवाय २०२३ पासून ब्रॉडबँडच्या सरकारी व्याख्येत किमान वेग २ एमबीपीएस एवढाच आहे, तेव्हा "कायद्याने १०० द्या" असं म्हणून भागत नाही. पावरच्या आकड्याचा फोटो आणि तक्रार क्रमांक केबलवाल्याला व्हॉट्सअॅपवर पाठवला. एरवी "बघतो ताई" म्हणून गप्प बसणाऱ्या माणसाचा लगेच फोन आला. "ताई, हे पावरचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी लाइनमन शिडी घेऊन हजर. कामाचा माणूस, बोलणं कमी. आधी खांबावरच्या डब्यात त्याने मीटर लावला. आमच्या गल्लीतला तो डबा २०१९ च्या पुरानंतर चांगला उंच नेऊन ठेवलाय, त्यामुळे त्याला वरच्या पायरीपर्यंत चढावं लागलं. तिथे उणे १९. घरात उणे २८. म्हणजे खांबापासून आमच्या टेबलापर्यंत ९ डीबी (हे त्या मापाचं एकक) गायब. दर ३ डीबीला उजेड निम्मा होतो, म्हणजे खांबावरच्या डब्यातून निघालेल्यातला आठवा हिस्सा माझ्यापर्यंत येत होता. "वैनी, वायर कुठंतरी दबलीय बघा," म्हणाला आणि गच्चीवर गेला.

कठड्याच्या कोपऱ्यात टाकीच्या पाइपाला कुणीतरी फायबरची काळी वायर बांधकामाच्या तारेने करकचून आवळली होती, अगदी काटकोनात. आत काचेचा धागा असतो, एवढ्या वळणावर उजेड बाहेर सांडतो. त्याने तार कापली, दबलेला तुकडा काढून टाकला, मशिनवर नवा जॉइंट मारला आणि वायर ऐसपैस गोल वळवून प्लास्टिकच्या पट्टीने सैल बांधली. राउटरच्या मागची हिरवी पिन काढून पुसली. हिरव्या पिनेला हिरवंच सॉकेट लागतं, निळं लावलं की पावर पडते, हे जाता जाता सांगून गेला. मीटर उणे २०. लॅनच्या वायरवर स्पीड ९४.

रात्रीचं मात्र पूर्ण सुटलेलं नाही. आठ ते दहा ४०-५० वर येतं, क्रिकेट असलं की त्याहून खाली. एका फायबरवरचे अडीच जीबीपीएस बत्तीस-बत्तीस घरांत वाटतात, आणि त्याच्याही मागे केबलवाल्याने वरून किती नेट घेतलंय त्यावर सगळं अडतं. उसाच्या सीझनला दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर आले की मागच्या मोटारीचं इंजिन कितीही चांगलं असून काय उपयोग? हे मी केबलवाल्याला सरळ विचारलं. "पुढच्या महिन्यात वाढवतोय ताई," म्हणाला. वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट देतो, असंही म्हणाला. ते मी भरलेले नाहीत. महिन्याच्या महिन्यालाच देते, आणि पोरगा वसुलीला आला की आधी त्याच्यासमोर टेस्ट लावते.