दहा सेकंदांच्या ईसीजीत न सापडलेला ठोका

आईच्या रक्तदाबाची वही मी गेली तीन वर्षे लिहीत आहे. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा आणि नाडी एवढे रकाने मी त्यात आखले होते. यंत्राच्या पडद्यावर अधूनमधून उमटणाऱ्या लहानशा हृदयाच्या चिन्हासाठी मात्र रकाना नव्हता. पट्टा सैल बसला असेल किंवा आई मध्येच बोलली असेल, असे म्हणून मी ते चिन्ह कित्येकदा सोडून दिले. एका आठवड्यात ते चार वेळा दिसले, तेव्हा मी यंत्राबरोबर आलेली पुस्तिका प्रथमच नीट वाचली.

पट्ट्यातील दाब उतरत असताना धमनीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्या दाबात बारीक चढउतार होतो. यंत्र तोच टिपते आणि ठोक्यांमधील अंतर सरासरीपेक्षा बरेच कमीजास्त झाले की अनियमिततेची खूण दाखवते. हृदयातील विद्युत लहर त्याला दिसतच नाही. त्यामुळे एखादा निरुपद्रवी जादा ठोका, हाताची हालचाल आणि एट्रियल फिब्रिलेशन या तिन्ही गोष्टींसाठी पडद्यावर एकच चिन्ह येऊ शकते.

यांपैकी तिसऱ्या शक्यतेची मला भीती वाटत होती. या विकारात हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंद, लयीत आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. तेथे, विशेषतः डाव्या अलिंदाच्या एका लहान पिशवीसारख्या भागात, रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघाताचा झटका येतो. हा धोका सुमारे पाचपट वाढतो, असे अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील दीर्घकालीन अभ्यासातून १९९१ साली मांडले गेले. अनेकांना छातीत धडधडसुद्धा जाणवत नाही, आणि सुरुवातीच्या काळात हा विकार काही मिनिटे किंवा काही तास येतो व आपोआप जातो.

दवाखान्यात काढलेला ईसीजी अगदी व्यवस्थित आला. घरातल्या सर्वांना हायसे वाटले, पण माझे समाधान झाले नाही, कारण तो आलेख जेमतेम दहा सेकंदांचा असतो. नंतर चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगून सतत ईसीजी नोंदवणारे लहान यंत्र, लावला. त्या दिवशीही लय नियमित होती.

मग डॉक्टरांच्या सल्ल्याने बोटांनी धरायचे लहान ईसीजी यंत्र घेतले. दोन्ही हातांची बोटे धातूच्या पट्ट्यांवर तीस सेकंद टेकवली की एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंतचा विद्युत आलेख मोबाइलवर उमटतो. विसाव्या शतकाच्या आरंभी विलेम आइंटहोवेन यांनी ईसीजीचे यंत्र तयार केले, तेव्हा रुग्णाला मिठाच्या पाण्याने भरलेल्या भांड्यांत हात बुडवून बसावे लागे. आईची बोटे कोरडी असली की आलेखावर नुसती खरखर येते, तेव्हा ती किंचित ओली करून घेताना मला त्या भांड्यांची आठवण होते.

अकराव्या दिवशी संध्याकाळी रक्तदाबाच्या यंत्रावर चिन्ह उमटताच मी आलेख काढला. ठोक्यांच्या उंच रेषांमधील अंतरांत कोणताही क्रम नव्हता आणि अलिंदांच्या आकुंचनाची खूण म्हणून प्रत्येक ठोक्याआधी दिसणारी लहानशी पी लहर कोठेच नव्हती. ईसीजी यंत्राने एट्रियल फिब्रिलेशनची ‘शक्यता’ एवढेच लिहिले होते. निदान केले ते डॉक्टरांनी, तो आलेख स्वतः पाहून. आणि रक्ताची गुठळी होऊ न देणारे औषध द्यायचे की नाही, हेही त्यांनी आईचे वय, रक्तदाब आणि इतर आजार विचारात घेऊन ठरवले.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, मनगटी घड्याळाची सूचना पाहून घाबरलेली माणसे मला आता वारंवार भेटतात. ॲपलच्या घड्याळावर झालेला मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ४,१९,२९७ लोकांपैकी सुमारे अर्ध्या टक्क्याला अनियमित नाडीची सूचना मिळाली, आणि त्यानंतर ज्यांनी छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती तपासणीसाठी परत पाठवली, त्यांच्यापैकी ३४ टक्के लोकांत एट्रियल फिब्रिलेशन आढळले. उरलेल्यांना मिळालेली सूचना खोटी होती, असे म्हणता येत नाही, कारण पट्टी लावेपर्यंत दिवस उलटले होते आणि हा विकार येऊनजाऊन असतो. सूचना मिळाली की आलेख काढून डॉक्टरांना दाखवावा. औषध मात्र स्वतःच्या मनाने सुरूही करू नये आणि बंदही करू नये.

आता मी रक्तदाब एकेका मिनिटाच्या अंतराने तीन वेळा मोजून सरासरी लिहिते, कारण लय बिघडलेली असताना प्रत्येक ठोक्याचा जोर वेगळा असतो आणि एकट्या आकड्यावर विसंबता येत नाही. चिन्ह दिसले तर आलेख लगेच, आई बसलेली असतानाच, काढते. एक गोष्ट मात्र मी घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवली आहे: हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका या ईसीजी यंत्राला ओळखता येत नाही, त्यामुळे छातीत दुखू लागले किंवा तोंड वाकडे झाले, तर आलेख काढण्यात एक मिनिटही न घालवता थेट रुग्णालय गाठायचे.