सात तारखेच्या आत

महिन्याचा पहिला शनिवार, पाच तारीख. नवी मुंबईत घणसोलीतल्या आमच्या मदत केंद्राचं शटर वर करत होते, तेव्हाच त्या ताई बाहेर उभ्या होत्या. महापेच्या एका कंपनीत पॅकिंगला, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेल्या. पिशवीत पासबुक, आधार, पॅनची झेरॉक्स आणि सासऱ्यांच्या नावाचं लाइटबिल. "मॅडम, केस टाकायची आहे. खावटी पाहिजे." खावटी म्हणजे नवऱ्याकडून पोटगी.

अर्ज लिहायला घेण्याआधी मी एक गोष्ट विचारतेच: बँकेचा मेसेज कुणाच्या मोबाइलवर येतो? "मिस्टरांच्या," त्या म्हणाल्या. आधारला नंबर त्यांचाच, एटीएम कार्ड त्यांच्या पाकिटात, यूपीआय त्यांच्या फोनवर. ताईंच्या हातातल्या फोनमधलं सिमसुद्धा नवऱ्याच्या नावावर. पासबुकात दर सात तारखेला 16,800 जमा आणि त्याच तारखेला 16,500 वळते. सलग सतरा महिने. खातं मात्र एकट्या ताईंच्या नावाचं.

अशा वेळी केस आधी टाकली तर काय होतं, ते आम्ही पुष्कळदा पाहिलंय. नोटीस घरी पोचते आणि त्याच रात्री खातं रिकामं होतं. मग वकील फुकट मिळूनही रिक्षाचे पैसे नसतात म्हणून तारीख चुकते. त्या दिवशी केस टाकायची नाही, हे मी ताईंना स्पष्ट सांगितलं. कंपनीत फोन लावला. पगाराची यादी शुक्रवारीच बँकेत गेली होती, खातं पुढच्या महिन्यापासूनच बदलता येणार होतं. म्हणजे सोमवारचा पगार जुन्याच खात्यात पडणार. हाताशी शनिवारची दुपार तेवढी होती. नशिबाने दुसरा किंवा चौथा शनिवार नव्हता, नाहीतर बँकच बंद असती.

आधी नवं सिम, ताईंच्या नावावर. दुकानदाराच्या मशीनवर अंगठा उमटेना. दिवसभर पुठ्ठा आणि चिकटपट्टी हाताळून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, पॅकिंगवाल्या बायकांचं हे नेहमीचं. साबणाने हात धुतले, पुसले, बाकीची बोटं लावून पाहिली. डाव्या हाताचं मधलं बोट चाललं. सिम साध्या बटणाच्या फोनमध्ये घातलं आणि तो फोन ताईंनी कंपनीतल्या मैत्रिणीकडे ठेवला. घरच्या फोनमध्ये ते सिम टाकलं असतं तर संध्याकाळपर्यंत उघड झालं असतं. घरच्या फोनमधलं व्हॉट्सअ‍ॅप तपासलं, तर ते आणखी एका ठिकाणी जोडलेलं निघालं. ते तोडलं नाही. तोडलं की समोरच्याला संशय येतो. त्या फोनवरून आता काही बोलायचं नाही, एवढंच ठरवलं.

बँकेत खरी अडचण आली. काउंटरवरचे साहेब म्हणाले, नंबर बदलायचा तर जुन्या नंबरवर ओटीपी जाईल, नाहीतर मिस्टरांना घेऊन या. मी म्हटलं, खातं एकटीचं आहे, खातेदार मूळ आधार घेऊन समोर उभी आहे. नकार असेल तर लेखी द्या. लेखी म्हटल्यावर फॉर्म मिळाला. मग सही जुळेना. कंपनीत खाती उघडली तेव्हा ताईंनी इंग्रजीत सही केली होती, आता त्या मराठीत करतात. पॅनच्या झेरॉक्सवर जुनी सही होती. ती समोर ठेवून ताईंनी पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूला चार वेळा गिरवली, पाचवी फॉर्मवर केली.

नंबर बदलायला दोन-तीन दिवस लागतील असं कळलं. नुसता तोच फॉर्म देऊन निघालो असतो तर सोमवारचा पगार गेलाच होता. म्हणून दुसरा अर्ज दिला: एटीएम कार्ड बंद करा, यूपीआय व मोबाइल बँकिंग बंद करा, आणि खात्याला डेबिट फ्रीज लावा. म्हणजे पैसे जमा होतात, पण कुठूनच निघत नाहीत. खातेदाराच्या स्वतःच्या अर्जावर हे होतं, पण ही सोय फार थोड्या बायकांना माहीत असते. दोन्ही अर्जांच्या प्रतींवर तारीख-शिक्का घेतला. सतरा महिन्यांचं स्टेटमेंटही शिक्क्यानिशी मागून घेतलं.

पैसे थांबलेत हे ज्या दिवशी नवऱ्याला कळतं, तो दिवस बाईसाठी सगळ्यात धोक्याचा, हे आम्ही कधीच दडवत नाही. घर कधी सोडायचं ते ताईंनी ठरवलं. रविवारी संध्याकाळी मुलीला घेऊन, शाळेचा दाखला आणि मूळ कागद बरोबर ठेवून, त्या कळव्याला बहिणीकडे गेल्या. 181 ही महिला हेल्पलाइन आणि 112 हा पोलिसांचा, हे नंबर बहिणीलाही देऊन ठेवले होते.

सोमवारी पगार जमा झाला आणि खात्यातच राहिला. मंगळवारी ताई शाखेत गेल्या, नवा नंबर चालू झाल्याची खात्री केली, फ्रीज उठवला आणि स्लिपवर पैसे काढून दुसऱ्या बँकेत नवं खातं उघडलं. त्याचा रद्द केलेला चेक कंपनीत अर्जासोबत दिला. आधारचा नंबर आधार केंद्रात जाऊन बदलला. त्याला दुसरा कागद लागत नाही, बोटांचे ठसे लागतात.

कोर्टाचं काम त्यानंतर. आपण कमावतो म्हणून सरकारकडून फुकट वकील मिळणार नाही, असं ताईंना वाटत होतं. 1987च्या विधी सेवा कायद्यात स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. 15100 या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर फोन केला तरी रस्ता सांगतात. अर्ज 2005च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम 12 खाली केला, तोही बेलापूरला, कारण जिथे बाई नोकरी करते तिथेही तो चालतो. पगार काढून घेणं हा या कायद्याने आर्थिक छळ आहे, आणि सतरा नोंदींचं ते स्टेटमेंट त्याचा पुरावा. कलम 18 खाली दागिने व लॉकरला हात लावू नये, असा आदेश मागितला. उत्पन्नाच्या प्रतिज्ञापत्रात ताई स्वतःपुढे "शून्य" लिहायला निघाल्या होत्या. ते मी थांबवलं. 16,800च लिहायचे. कमावत्या बाईचा खावटीचा हक्क त्यामुळे जात नाही, पण खोटं उघडं पडलं तर सगळ्या अर्जावरचा विश्वास उडतो.

नवा नंबर लागल्यावर क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांचा अहवाल, काढला, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात ताईंच्या नावावर 35,000चं अ‍ॅपवरचं कर्ज निघालं, जे त्यांनी कधी घेतलंच नव्हतं. ओटीपी गेला होता नवऱ्याच्या फोनवर. कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी तक्रार दिली आहे. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं, त्याचे कागद लावून ठेवलेत.