बोळातली गाडी, नोंद ६: हिरवा कुणाचा?

नवीन आलेल्यांसाठी: भाच्याची जुनी बॅटरीवरची जीप, मंगळवार पेठेतला आमचा बोळ, आणि ड्रायव्हर नसलेली गाडी समोरच्या माणसाला ‘जावा तुम्ही’ कसं सांगणार, एवढाच प्रश्न. बंद करायचं बटण कायम माझ्या हातात.

बॉनेटवरची एलईडी पट्टी पेटली की अर्दुइनो (गाडी चालवणारा छोटा कंट्रोल बोर्ड) रीसेट होत होता. चूक माझीच. पट्टीतल्या डब्ल्यूएस२८१२ जातीच्या रंगीत एलईडीचा एक दिवा पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअरपर्यंत खातो. ३० दिव्यांचे झाले १.८ अँपिअर, आणि मी वीज घेतलेली बोर्डाच्या पिनवरून! पट्टीसाठी वेगळा बक कन्व्हर्टर (बॅटरीचं व्होल्टेज कमी करून देणारा) लावला, दोन्हीकडची ग्राउंड म्हणजे उणे वायर एकत्र जोडली, मिटलं.

खरा घोळ रंगात निघाला. शेजारच्या काकू भाजीची पिशवी घेऊन आल्या. गाडी थांबली, पट्टी हिरवी झाली, आणि काकूही थांबल्या. “हिरवा लागलाय न्हवं? मग जाऊ दे की तिला आधी.”

आता बोला. सिग्नलवर हिरवा म्हणजे गाड्या सुटणार, हे डोक्यात पक्कं. मर्सिडीजला २०२३ च्या डिसेंबरात कॅलिफोर्निया आणि नेवाडात निळसर-हिरव्या दिव्यांची परवानगी मिळाली, पण तो दिवा ‘गाडी स्वतः चालतेय’ एवढंच सांगतो. ‘तुम्ही जा’ तोही म्हणत नाही.

मग जग्वार लँड रोव्हरने २०१८ मध्ये केले तसे गाडीला डोळे लावले. टेबल टेनिसचे दोन चेंडू, ते फिरवायला दोन सर्वो, म्हणजे छोट्या मोटरी. पोरं रस्ता ओलांडायचं सोडून डोळ्यात बोटं घालायला आली. काढले.

शेवटी वैतागून सगळे दिवे बंद ठेवले आणि कोडमध्ये एकच आकडा बदलला: वेग कमी करायला १ मीटरऐवजी ३ मीटरवरूनच सुरुवात. काकू सरळ निघून गेल्या, मान वळवली नाही. माणूस दिव्यापेक्षा चाकाकडे बघतो, निदान आमच्या बोळात तरी. दिवा ठेवणार, पण गाडी मंदावल्यावर.

एक गोष्ट अडलीय. आज्जीचं मऊ लुगडं अंतर मोजणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरचा आवाज गिळतं, प्रतिध्वनी परतच येत नाही. बटण दाबून गाडी थांबवली. टीएफ-लुना नावाचा दुसरा सेन्सर मागवलाय, तो लेझरवर चालतो.

आज्जी अजून रागावलीय: “हात केलाय की मी, दिसंना व्हय तिला?”

हात ओळखायला कॅमेरा लागेल. जुना मोबाईल कुणी स्वस्तात देणार असेल तर सांगा.