कोपनहेगन: बाप-लेकाच्या भांडणातली कार्ल्सबर्ग

कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या जुन्या कारखान्याच्या परिसरात गेलात तर तिकीट काढून थेट म्युझियममध्ये शिरू नका. कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनवरून एस-ट्रेन, म्हणजे तिथली लोकल, पकडा, दुसरंच स्टेशन कार्ल्सबर्ग. आधी परिसर पायी फिरा. त्याला पैसे पडत नाहीत. मुख्य उत्पादन २००८ मध्येच फ्रेदेरित्सिया या दुसऱ्या डॅनिश शहरात हललं, त्यामुळे धूर ओकणारा कारखाना दिसेल या आशेने जाऊ नका. जुन्या इमारतींच्या मध्ये आता फ्लॅट आणि कॅफे झालेत.

संस्थापक जे. सी. याकोबसेनने १८४५ मध्ये म्युनिकहून यीस्ट (बिअर आंबवणारं सूक्ष्म बुरशीचं विरजण) आणलं ते घोडागाडीतून, मुक्कामा-मुक्कामाला डब्यावर गार पाणी ओतत. १८४७ मध्ये व्हाल्बीच्या टेकडीवर ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, उभी केली आणि तिला पाच वर्षांच्या मुलाचं, कार्लचं, नाव दिलं. पुढे त्याच कार्लशी त्याचं हाडवैर झालं. बापाला बिअर तळघरात निवांत मुरायला हवी, लेकाला भरभर आणि भरपूर विकायची. कार्लने शेजारीच 'नवी कार्ल्सबर्ग' काढली. मधल्या रस्त्याच्या नावावरूनही दोघांचं वाजलं. समेट १८८६ मध्ये झाला, पण पुढच्याच वर्षी म्हातारा गेला तेव्हा जुनी ब्रुअरी मुलाला नाही, म्हाताऱ्यानेच १८७६ मध्ये स्थापलेल्या विज्ञान प्रतिष्ठानला मिळाली. माझ्या मते हा हट्टच जगाच्या कामी आला: इथल्या प्रयोगशाळेत हान्सेन या शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये शुद्ध यीस्ट वेगळं केलं आणि कंपनीने ते इतरांनाही देऊन टाकलं. शाळेत शिकलेलं पीएच मापनही इथलंच, सोरेनसेनचं, १९०९ सालचं.

१९०१ च्या हत्ती दरवाज्याला मात्र वेळ द्या. ग्रॅनाइटच्या चार हत्तींवर स्वस्तिक कोरलंय. ते कार्लचं व्यापारचिन्ह होतं. नाझींमुळे कंपनीने पुढे ते सोडलं, दगडावरचं तसंच राहिलं. फोटो घरच्या ग्रुपवर टाकताना सोबत दोन ओळी लिहा, नाहीतर भलतीच चर्चा सुरू होते.

तिथून येशू चर्च जवळ आहे. कार्लने आई-वडिलांसाठी बांधलेलं. तळघरात आता बाप-लेक दोघेही आहेत. म्युझियमचं तिकीट ऑनलाइन काढा. न पिणाऱ्यांनीही जायला हरकत नाही, इतिहासाचा भाग चांगला आहे. कार्लचा शिल्पसंग्रह ग्लिप्टोटेक या संग्रहालयात, मुख्य स्टेशनजवळ, सोमवारी बंद. त्यानेच १९१३ मध्ये शहराला दिलेली जलपरीची प्रसिद्ध मूर्ती बघायची तर ओस्टरपोर्ट स्टेशनला उतरून चालावं लागतं. मूर्ती अगदीच छोटी आहे. वेळ कमी असेल तर खुशाल तिला वगळा, ग्लिप्टोटेक वगळू नका.